बर्फात मारलेली उडी

मी एक जुनी कांगडी आहे, आणि एका भर दुपारी मी बंद खिडकीतून बाहेर बर्फात उडी मारली आहे. कोणी उचललं नाही, कोणी ढकललं नाही, आपली आपण. मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये असंच आहे ते. चरारच्या बाजारात माझ्यासारख्या ढिगांनी विकल्या जातात, आणि त्यांतली एकही कधी कोणाच्या हाताशिवाय वीतभर सरकलेली नाही. मी मात्र सरकले, उडाले, फुटता फुटता वाचले. तीन जीव अडकले होते त्या खोलीत. तेव्हा हात अंगावरच्या ढगळ, लोकरी फेरनाच्या आत ओढून घ्या आणि ऐका.

माझं पोट मातीचं आणि अंग वाळुंजाच्या काड्यांचं. पोटात निखारे ठेवायचे, वर राख पसरायची, आणि मला फेरनाच्या घोळात धरून हिवाळा काढायचा, एवढंच माझं काम. पोट एका कुंभारानं घडवलं. तो घाईत होता, म्हणून ते किंचित एका बाजूला कललेलं आहे. अंग मात्र चरारच्या एका म्हाताऱ्या विणकरानं विणलं, आणि घाई कशाला म्हणतात ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. काड्या लाल-हिरव्या रंगात बुडवल्या, दोन बाजूंना दोन उंच मुठी काढल्या, मागे साखळीनं निखारे हलवायचा चमचा अडकवला. मग मला पेटवून त्यानं अंगणात ठेवलं, तर चंद्र खाली उतरून हात शेकून गेला. त्याच्या तोंडावर डाग दिसतात ना, ते माझ्या राखेचे. वर गेल्यावर त्यानं तोंड पुसलं नाही, त्याला मी काय करणार?

आमच्याकडे मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माहेरहून सजवलेली कांगडी पाठवतात. तशी मी मेहताबासाठी आले. पण तिच्या सासरच्या दारातच मला सासूनं हातात घेतलं. खोतन देद तिचं नाव. तिनं मला फिरवून पाहिलं, कललेल्या पोटावर टिचकी मारली आणि आपल्या गुडघ्यांना बरी आहे असं म्हणत मला फेरनात घातलं ते घातलंच. मेहताबाच्या वाट्याला देदची जुनी, काळी पडलेली कांगडी आली.  पण त्या दिवशी भात खाली लागला, आणि लागलेला भात तिनं देदच्याच ताटात वाढला.

देद तोंडानं फटकळ होती, पण विस्तवाच्या बाबतीत तिचा हात धरील अशी बाई त्या गावात नव्हती. चिनाराची पानं गळू लागली की ती खराटा घेऊन बाहेर पडायची. पानांचा ढीग करून पेटवायचा, वरून पाण्याचे हबके मारायचे, आणि ज्योत मरून नुसता काळा चुरा उरला की तो पोत्यांत भरायचा. फुकटात मिळणारा हा चुरा धूर करत नाही आणि घाईही करत नाही. देदनं सकाळी भरलेली मी दिवेलागणीपर्यंत ऊब धरून राहायचे. शेजारणी येऊन माझ्यावर हात धरायच्या आणि विचारायच्या, "देद, तुझ्या कांगडीत असतं तरी काय?"

"सुनेचा राग," देद म्हणायची. "तो विझतच नाही."

सगळ्या हसायच्या. मेहताबासुद्धा, पण तोंड वळवून.

देदचा एक कायदा होता. खिडकीच्या वर भिंतीत एक लहानसा झरोका होता आणि त्याला एक लाकडी फळी. ती फळी चार बोटं उघडी राहिलीच पाहिजे, बाहेर कितीही बर्फ पडो. मेहताबाला हे मुळीच पटायचं नाही. एका बाजूनं खोली तापवायची आणि दुसऱ्या बाजूनं कावळ्यांना ऊब वाटायची, ही कुठली काटकसर, असं ती म्हणायची. देदचं उत्तर ठरलेलं होतं, की कावळ्यांनाही हिवाळा असतो.

मग ते वर्ष आलं. मेहताबाला दिवस गेलेले. तिचा नवरा रसूल नेहमीप्रमाणे शालींचं गाठोडं पाठीवर मारून कलकत्त्याकडे गेला. तो गेला की बर्फ वितळल्याशिवाय परतत नसे. आणि पानं गळायच्या ऐन दिवसांत पावसाची झड लागली. पानं भिजली, कुजली, त्यांचा चिखल झाला. देदचे गुडघे तिला वाकू देत नव्हते आणि मेहताबाला तिचं पोट. कसंबसं एक पोतं भरलं, तेही तळाला दमट.

चिल्लई कलान, म्हणजे हिवाळ्यातले सगळ्यात कडाक्याचे चाळीस दिवस, लागला आणि त्याच सुमाराला मेहताबाला मुलगी झाली. त्या वर्षीची थंडी मी तुम्हाला कशी सांगू! गल्लीतल्या मांजराची सावली बर्फाला चिकटून बसली आणि मांजर बिचारं सावलीवाचून घरी गेलं. वसंतात सावली सुटली तेव्हा तिला मांजर ओळखेना.

तिघींनी एकाच खोलीत राहायचं ठरलं. ती एक खोली तापवायची, बाकी घर थंडीला सोडून द्यायचं. खिडकीच्या काचा केव्हाच गेल्या होत्या, तिथं प्लास्टिकचा कागद ठोकला. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. जमिनीवर गवताची चटई, चटईवर लोकरीचा जाड नमदा. मधे मातीची शेगडी. देदची गादी शेगडीला लागून, कारण गुडघे. मेहताबा आणि बाळ खिडकीखाली.

पोतं लवकरच तळाला गेलं. मेहताबानं रोट्यांच्या भट्टीवाल्याकडून अर्धवट जळलेला लाकडी कोळसा आणला, स्वस्त आणि ओला. देदनं एक खडा उचलून नाकाशी नेला. हा आधी अंगणात पेटव, असं तिनं बजावलं. त्याच्यावर निळी ज्योत नाचते ती पुरती मरू दे, मग आत आण. काही दिवस मेहताबानं तसंच केलं. बर्फात उभी राहून ती निम्मा कोळसा आभाळासाठी जळताना पाहायची. आत बाळाची बोटं गार पडलेली असायची. अंगणातली ती निळी ज्योत म्हणजे मुलीच्या तोंडातून काढून घेतलेलं दूध आहे, असं तिला वाटू लागलं.

त्या दुपारी बर्फ इतका दाट पडत होता की खोलीत अंधारून आलं होतं. मेहताबानं कोळसा अंगणात नीट पेटू न देताच आत आणला. शेगडीत घातला, माझ्याही पोटात घातला. मला तो लागलीच वेगळा वाटला, पण आम्हाला कोण विचारतं? मग तिनं वर हात करून झरोका बंद केला. देदला मागून येणारा गार झोत थांबल्याचं कळलं.

"फळी कोणी लावली?"

"मी. बर्फ आत येतोय, देद. तिच्या नाकावर पडला."

"पुसून टाक. फळी उघड."

"तुझी गादी शेगडीपाशी आहे. तुला काय कळणार?"

"ह्याच खोलीत मी चार मुलं वाढवली."

"आणि राहिली किती?"

 रसूल तिचा राहिलेला एकच मुलगा. मेहताबालाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ती उठली आणि तिनं फळी पुन्हा चार बोटं सरकवली. दोघी एकमेकींकडे न बघता जेवल्या, सुकवलेल्या वांग्यांची भाजी आणि भात. जेवून देद लवंडली. तिनं मला पोटाशी घेतलं आणि तिला डुलकी लागली.

ह्याच्यापुढचं, मित्रांनो, मेहताबा दर हिवाळ्यात आपल्या मुलीला सांगते. आत्ताही तीच सांगते आहे. बाहेर बर्फ पडतोय, वीज गेली आहे, विजेवर तापणारी पांघरुणं गार पडली आहेत. मेहताबा मला मांडीवर घेऊन बसली आहे, आणि तिच्या फेरनात अर्धी शिरून तिची रूही ऐकते आहे. नऊ वर्षांची झाली आता. तेव्हा मीही तिच्याच शब्दांत सांगते. त्यांत माझं कौतुक आहे.

तर वारा सुटला. मोठा वारा. त्यानं काय केलं, तर झरोक्याची फळी ढकलून घट्ट बंद करून टाकली. खोलीतली हवा जड झाली. बाळाला पाजता पाजता मेहताबाची मान कलली. देदला जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्यानं. तिनं हाक मारली. मेहताबानं ओ दिली नाही. "पोरी, बाळ का रडत नाही?" देद म्हणाली. तिनं उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. हातावर रांगायला गेली, तर हातही दुमडले.

तेव्हा मी काय ते समजले. आता ह्या घरात हलणारं कोणी उरलं असेल तर ती मी. मी पोट फुगवलं, मुठी ताठ केल्या, आणि देदच्या पुढ्यातून जी उडी घेतली, ती मेहताबाच्या डोक्यावरून थेट खिडकीच्या प्लास्टिकला भोक पाडून बाहेर. बर्फात पडल्यावर माझी एक मूठ मोडली आणि पोटातला विस्तव चुर्रर्र करत विझला. मागून गार हवेचा लोंढा आत शिरला तो पहिल्यांदा खिडकीखालच्या दोघींवर.

आमच्या गावात बायकांचं भांडण हातघाईवर आलं की कांगडी उडते. म्हणून उडालेली कांगडी दिसली की शेजारीपाजारी हातातली कामं टाकून धावतात. शेजारची सजा छपरावरचा बर्फ ओढत होती. अंगणात मला वाफाळताना पाहून ती हसत हसत खाली उतरली.

"आज जेवल्या जेवल्याच सुरू झालं का ग?" तिनं दाराबाहेरून विचारलं. तिच्यामागे आणखी दोघी ओढण्या सावरत आल्याच होत्या.

आतून शिवी आली नाही. रडणं आलं नाही. भांडं आपटल्याचा आवाजसुद्धा नाही. सजानं हातातलं फावडं दाराच्या फटीत घातलं आणि दार उचकटलं. मेहताबाला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. ती बर्फात ओकली. बाळ निळं पडलं होतं. सजानं त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, मारतच राहिली, आणि ते रडलं. एवढ्याशा गळ्यातून असा आवाज निघाला की छपरावरचा उरलेला बर्फ आपोआप खाली आला.

माझी मोडकी मूठ मेहताबानं तारेनं बांधली. पण पुढे कित्येक दिवस तिनं मला भरलं नाही. मी माळ्यावर पडून राहिले. माझे रंग उडाले, उंदरांनी काड्या कुरतडल्या, पोटात कोळ्यानं संसार मांडला. रसूलनं विजेची पांघरुणं आणली, मग गॅसची शेगडी आणली, आणि माझ्याकडे बघायचं कोणाला कारण उरलं नाही. वर्षातून एकदा मेहताबा मला खाली आणते, ती ह्या गोष्टीपुरती. मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकू नका, एवढंच मी म्हणेन. आणि वापरलंत तर आमच्यावर डोळा ठेवा. कोळसा बाहेर पुरता पेटू द्या, भिंतीत चार बोटं वाट मोकळी ठेवा. आम्ही ऊब देतो, पण त्या उबेबरोबर आणखी काय देतो आहोत हे आमचं आम्हाला कळत नाही.

मेहताबाची गोष्टही आता शेवटाला आली आहे. तिच्या गोष्टीत देदलाही सजानं ओढून बाहेर काढलं. देद उठून बसली, तिनं आमचा नेहमीचा मिठाचा चहा मागितला, आणि चहात मीठ कमी आहे म्हणून सुनेला सुनावलं. मग पुढे बदामाची झाडं फुलली, तेव्हा एका सकाळी ती झोपेतच गेली, म्हातारपणानं, हसऱ्या तोंडानं.

इथं आली की रूही एरवी माझ्या पोटावर हात फिरवून मला शाबासकी देते. आज तिनं हात फेरनातच ठेवला.

"अम्मी," ती म्हणाली, "सजा काकी म्हणत होती, देदची कबर खणताना जमीन दगडासारखी झाली होती. आधी वर जाळ करावा लागला."

मेहताबाची बोटं माझ्या मुठीवर होती. ती तिथंच राहिली.

"बदाम फुलतात तेव्हा जमीन मऊ असते," रूही म्हणाली. "आणि कांगडी काही उडत नाही. फेकावी लागते. देदनं फेकली ना?"

 मेहताबा हळूच म्हणाली की त्या दिवशी वारा फार होता, फार म्हणजे फार, आणि त्या वाऱ्यानं फळी...

"वारा बाहेर होता, अम्मी. ती फळी आतून सरकते."