बर्फातली हिरवी मोटार

वाहरूने ओल्या फडक्याचं टोक कुंकवावर टेकवलं आणि हळूच फिरवलं. कुंकू निघालं, पण त्याच्याबरोबर भेटकार्डावरच्या मोटारीचा हिरवा रंगही निघाला. गरम रेडिएटरला लागावा तसा त्याने हात मागे घेतला.

"कसाले पुशी ऱ्हायनात?" चुलीपुढून त्याच्या बायकोने, तापीबाईने विचारलं.

"दवाखानानी बाई येई ऱ्हायनी. त्यासना धरममा कुंकू चालस का?"

"गाडी शे ना ती? मंग दसराले कोरीच ठेवू का?"

तिचंही खरंच होतं. दसऱ्याला त्याच्या एस.टी.ला कुंकू, दारातल्या सायकलला कुंकू, मग भिंतीवरच्या या आठ मोटारींनीच काय घोडं मारलं होतं? आठही कार्डांवर, बरोबर बॉनेटवर, तापीबाईच्या बोटाचा ठसा होता. जुन्या कार्डांवर तर थरावर थर.

कार्डं मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईची. वाहरू शहादा-तळोदा गाडीवर ड्रायव्हर. आठ वर्षांपूर्वी नाताळच्या तोंडावर बाई पाकीट घेऊन गाडीत चढली, पुढच्या बाकावर बसली आणि तिथेच ते फोडलं. आत मोटारीचं चित्र! लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, बाहेर लटकणारा भोंगा आणि अर्धी चाकं बुडतील एवढं पांढरंशुभ्र काहीतरी. वाहरूला वाटलं, मोटार जिनिंग गिरणीच्या आवारात कापसात उभी आहे. तो बर्फ आहे असं बाईने सांगितल्यावर तो बघतच राहिला. कंडक्टरने तीनदा घंटी मारली तरी गडी हलेना. एवढ्या बर्फातून मोटार काढणारा ड्रायव्हर म्हणजे काय छातीचा माणूस असेल! बाई हसली. आतल्या दोन ओळी वाचून तिने कार्ड त्याच्या हातात ठेवलं. तेव्हापासून दर नाताळाला एक कार्ड, दर कार्डावर तीच हिरवी मोटार. कधी पुलावर, कधी चर्चपुढे. पाहता पाहता वाहरूची भाकर ताटात गार व्हायची.

काल बाई गाडीत चढली ती सुजल्या डोळ्यांनी.

"माझे वडील वारले," ती म्हणाली. तिचं मराठी पुस्तकातलं. "ते पत्रे लिहीत नसत. कार्डातल्या दोन ओळी, एवढेच त्यांचे अक्षर. मला ती कार्डे एकदा पाहू द्याल?"

आणि आता ती खाटेवर बसली होती. वाहरूने आठही कार्डं तिच्यापुढे ठेवली.

"एक मन्हा हाते बिघडनं, बाई."

ती एकेक कार्ड उघडून वाचत गेली. अक्षरांवरून बोट फिरवत गेली. सगळी वाचून झाल्यावर मग तिने वरची चित्रं पाहिली.

"हे कुंकू?"

"मीच लावस," तापीबाई पदर सावरत म्हणाली. "दर दसराले."

बाईने एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"ही मोटार माझे वडील चालवत," ती म्हणाली. "वीस वर्षे. म्हातारी झाली तरी आमच्या गावाने तिला जपले, तिथला छापखाना दर नाताळाला तिचेच कार्ड काढतो."

वाहरू नकळत उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्याने सारखी केली. म्हणजे बर्फातून मोटार काढणारा तो माणूस या बाईचा बाप होता, आणि आठ वर्षं त्याची गाडी आपल्या भिंतीवर होती!

"ते तिला कुणाला हात लावू देत नसत. माझ्या आईलासुद्धा नाही."

वाहरूची मान खाली गेली. तापीबाईने हात पदराखाली घेतले.

बाईने पिशवीतून एक पाकीट काढलं. ते बापाने पाठवलं होतं, पण ते गेल्याच्या तारेनंतर चार दिवसांनी पोचलं होतं. आतलं कार्ड तिने तापीबाईपुढे धरलं. हिरवी मोटार, स्वच्छ, कोरी.

"हिचे राहिले आहे," ती म्हणाली.

दसरा होऊन दोन महिने उलटले होते. तरी तापीबाई कुंकवाची डबी आणायला उठली.