फाटकाकडे सरकणारं गवत

"कालपासून आणखी दीड वीत," सुतळी गुंडाळत नॉरिस म्हणाला.

"गवत चालत नाही रे, नॉरिस." क्लबच्या सेक्रेटरी बाई ग्लेनिसनं चहाचा मग त्याच्या हातात दिला. "आपले फॉरवर्डसुद्धा चालत नाहीत."

हॅर्स्टन टाउन फुटबॉल क्लबचं मैदान नॉरिस टॅटर्सॉल एकतीस वर्षं राखत होता. तेवढ्या काळात क्लब पहिल्या श्रेणीतून घरंगळत पाचव्या श्रेणीत आला. निष्ठावंतांनी मात्र साथ सोडली नाही, मेल्यावरही नाही. घरचे राखेचा डबा घेऊन येत. नॉरिस हिरवळीची गोल चकती कापून राख खाली ठेवी आणि चकती पुन्हा बसवी. असे एकोणीस जण. विसावी त्याची बायको विनी, पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्यात.

यंदा पावसानं सामने पुढं ढकलले गेले, चषकाचे वाढले, त्यात एका बड्या क्लबचा राखीव संघही इथंच खेळायला येऊ लागला. चोवीस दिवसांत अकरा सामने. सगळ्या मैदानाचा चिखल झाला. हिरवी उरली ती राखेवरची वीस वर्तुळं. राखेनं गवत जळतं, हे कुठलाही माळी सांगेल, इथं उलटंच. शिवाय ती रोज सकाळी फाटकाकडे थोडी सरकलेली असत.

नॉरिसला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. संघ हरत असला की लोक ऐंशीव्या मिनिटाला उठतातच. विनीचं वर्तुळ तेवढं तसूभरही हललं नव्हतं.

"सोमवारी खोदायचं यंत्र येतंय," ग्लेनिस हळूच म्हणाली. "प्लॅस्टिकचं गवत घालणारेत. दिवसाला तीन सामने खेळा म्हणे, ते कुरकुरत नाही. तुझ्या मंडळींसाठी भिंतीवर पाटी लावतील."

"आणि खालची माती?"

ग्लेनिसनं स्वतःच्या मगात बघितलं. "बायपासच्या भरावाला."

सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. एकोणीस वर्तुळं फाटकाबाहेर, रस्त्याकडेला, बसची वाट बघावी तशी दाटीवाटीनं उभी होती. विसावं होतं तिथंच होतं, आणि यंत्राचा दातेरी पंजा त्याच्यापाशी पोचत आला होता.

"आजोबा, बाजूला व्हा!" चालक ओरडला.

"दोन मिनिटं थांब, बाबा. बाई आहे तिथं."

चालकानं मोकळ्या चिखलाकडे पाहिलं. "कोण बाई?"

"माझी."

चालकानं इंजिन बंद केलं.

नॉरिस वर्तुळापाशी वाकला. "विनी, चल गं. बाकीचे गेले सगळे."

पातंही हललं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं. सात गोल खाल्ले तरी शेवटच्या शिटीआधी ही बाई कधी उठली नव्हती. उठणाऱ्यांचा वर उद्धार करायची. नॉरिसनं दोन बोटं तोंडात घातली आणि तीन लांबलचक शिट्या वाजवल्या.

गवत बघता बघता मातकट झालं.

नॉरिस सावकाश निघाला, डावा कोपर अंगापासून जरा दूर धरून. फाटक त्यानं एका माणसाला लागतं त्याहून थोडा जास्त वेळ उघडं धरलं.