परतपत्रांना बंदी

असत्य बोलणे पाप आहे, हे सर्वांना ठाऊक असते. सत्य ज्या वाटेने घरी यायचे ती वाट अडवणे हेही पापच, हे मात्र पुष्कळांना आयुष्यभर उमगत नाही. आणि आज्ञा दुसऱ्याची होती म्हणून आपल्या हाताचा दोष उणा होत नाही. बुद्धरत्नाला हे उमगले, परंतु चार दिवस उशिरा.

चाकणला ब्रेकच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात तो मेल सर्व्हर सांभाळीत असे. वडिलांनी पिंपरीत भट्टीपुढे तीस वर्षे काढली होती. मुलाला थंड खोलीतली खुर्ची मिळाली याचे त्या घराला मोठे अप्रूप. खुर्ची वर्षावर्षाच्या कराराची होती, एवढेच. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, "मेल पाठवली आणि परत आली नाही, तर निश्चिंत राहा. पोचली नाही तर समोरचा सर्व्हर परत धाडतोच." लोक त्या शब्दावर विसंबत.

जूनमध्ये कोणा भामट्याने कारखान्याचे नाव प्रेषक म्हणून लावले आणि जगभर फसव्या मेल सोडल्या. ज्या पोचल्या नाहीत, त्या साऱ्या कारखान्याच्या माथी परत येऊ लागल्या. प्रकल्पप्रमुख हिंदुराव यांच्या मेलच्या पेटीत एका सकाळी नऊ हजार जमल्या.

"हे काय गटार सोडलंयस माझ्या मेलमध्ये?" हिंदुराव कडाडले. "परत आलेली एकही मेल मला दिसता कामा नये."

"साहेब, दोन दिवस द्या. आपल्या प्रत्येक मेलच्या परतीच्या पत्त्यात एक गुप्त खूण घालतो. खूण घेऊन परत येईल ती आपली, ती आत घेऊ. बाकीच्या भामट्याच्या."

"मला शिकवू नकोस. परवा जपानचे पाहुणे येतायत. बंद म्हणजे बंद!"

परत येणाऱ्या मेलवर प्रेषकाची जागा कोरी असते. ही यंत्रांची जुनी मर्यादा. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना परतपत्रे धाडीत युगान्तापर्यंत बसतील. बुद्धरत्नाने स्पॅम फिल्टरमध्ये एक ओळ लिहिली : कोऱ्या प्रेषकाची मेल नाकारावी. हिंदुरावांची पेटी स्वच्छ झाली. आज्ञा तोंडी होती. ती त्याने लिहून घेतली नाही, आणि केलेला बदल कोणाला कळवलाही नाही.

ऑगस्टमध्ये गुणवत्ता विभागातल्या पद्मजाला एका खेपेच्या स्प्रिंगांत सूक्ष्म तडे दिसले. तिने तत्काळ ग्राहक कंपनीला मेल लिहिली, ही खेप वापरू नका. मेल परत आली नाही. सहा दिवस त्या स्प्रिंगा गाड्यांत बसत राहिल्या. मग ग्राहकाचे जळजळीत पत्र आले : आमच्या माणसाची पेटी भरलेली होती, तुमची मेल आम्ही त्याच मिनिटाला परत धाडली, ही पाहा नोंद, तुमच्या बाईंनी ती दडवून ठेवली.

सोमवारी चौकशी बसली. कॅन्टीनच्या रांगेत मागून कोणी म्हणाले, "काय मॅडम, मेल पचली का?" हशा पिकला. पद्मजाने वाढलेले ताट तसेच ठेवले.

त्याच संध्याकाळी बुद्धरत्नाने पद्मजाने मेल पाठवली त्या दिवशीची सर्व्हरची नोंद उघडली. चार वाजून बारा मिनिटे. प्रेषक कोरा. कोणासाठी : पद्मजा. नाकारली. त्याने ती दोनदा वाचली, बंद केली, आणि कंपनीच्या बसने थेरगावला घरी गेला. त्याच्या नव्या कराराची सही गुरुवारी व्हायची होती. चौकशीत काय ते आपोआप बाहेर येईल, असे तो मनाला सांगत राहिला.

गुरुवारी सही झाली. शुक्रवारी नोंदीचा कागद घेऊन तो चौकशीपुढे उभा राहिला.

"मी सांगितलं होतं असं करायला?" हिंदुरावांनी शांतपणे विचारले. "लेखी दाखव."

"तोंडी होतं, साहेब."

"फिल्टर कोणाच्या हातानं बदलला?"

"माझ्या."

"झालं तर मग."

तिथून तो गुणवत्ता विभागात गेला. पद्मजा टेबलाचे खण रिकामे करीत होती. राजीनामा तिने आदल्या दुपारीच दिला होता. बुद्धरत्नाने सारे सांगितले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, दादा." तिचा आवाज चढला नाही. "चार दिवस मी माझीच पेटी उपसतेय. घरी नवऱ्याला, मिहिरला म्हटलं, माझ्याच हातून डिलीट झाली असेल रे. लोकांचं बोलणं सोसलं असतं हो मी. पण मला माझ्याच हाताची खात्री राहिली नाही."

"राजीनामा मागे घ्या, ताई. आता सगळं कागदावर आलंय."

"कागदावर!" ती हसली, ते हसू त्याला थोबाडीत बसल्यासारखे लागले. "परत आली नाही तर निश्चिंत राहा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? ज्या दिवशी ते खोटं झालं, त्या दिवशी सगळ्यांना एक ओळ टाकायची होती. तेवढंच करायचं होतं."

ती गेली. राजीनामा तिने मागे घेतला नाही. बुद्धरत्नाला शनिवारपर्यंत काम आटोपून निघायला सांगण्यात आले.

शनिवारी त्याने फिल्टरमधली ती ओळ काढली आणि जूनमध्ये सुचवलेली खूण बसवली. दुपारपर्यंत काम झाले. दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मग नोंदी ताडून पाहत, भामट्याच्या हजारोंतून त्याने कारखान्याची खरी परतपत्रे वेचून काढली. दोनशे अकरा होती. ज्यांची होती त्या प्रत्येकाला त्याने लिहिले : तुमची ही मेल पोचली नव्हती. परतीची वाट मी बंद केली होती. क्षमा असावी. खाली स्वतःचे नाव घातले. दुसरे कोणाचे घातले नाही.

बहुतेकांनी उत्तर दिले नाही. स्टोअरच्या शालनबाईंनी तेवढे लिहिले, "राजगुरुनगरच्या कॉलेजला मुलीच्या अॅडमिशनचं विचारलं होतं. उत्तर नाही म्हणजे नकार, असं समजून गप्प बसले. सांगितलंत ते बरं केलंत. पण आता मुदत गेली."

तो तिची शेवटची ओळ वाचत बसला. मग त्याने गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले.

शालनबाईंच्या लेकीला पुढचे वर्ष फळो. पद्मजा जिथे जाईल तिथे तिच्या शब्दाला मान मिळो. हिंदुरावांना कधीतरी आपला आवाज आपल्यालाच ऐकू येवो. आणि उशिरा का होईना, खरे बोललेल्या बुद्धरत्नाला शांत झोप लाभो.