दुपट्याची तपासणी

१९८३ साली आमच्या मुलीच्या बारशाला सासूबाई अल्लीपूरहून दुपटं घेऊन आल्या आणि घरात युद्धाला तोंड फुटलं. दुपटं सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं होतं. नातवंडाचं पहिलं दुपटं आजोबाच्या धोतराचंच, असा त्यांच्याकडचा रिवाज. शिवाय वापरून मऊ पडलेल्या सुताची सर नव्या कापडाला येत नाही.

अडचण एवढीच, की लक्ष्मणराव, म्हणजे माझे सासरे, तेच धोतर नेसून कपाशीवर औषध फवारायचे. मजुरांवर विश्वास नाही, म्हणून पंप स्वतःच्या पाठीवर. आणि माझी बायको पद्मा वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत नेमकं हेच मोजायची: फवारणीचं औषध पानाला किती चिकटतं, मातीला किती, सुताला किती. आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसे.

"माय, ते धुऊन जात नाई," पद्मा म्हणाली.

"दहा डाव धुतलं. उकळत्या पाण्यातून काढलं. आता काय त्याचं कातडं सोलू?" सासूबाई कडाडल्या. "तुले शिकवलं, तेच चुकलं."

माय-लेकींच्या भांडणात जावयानं पडू नये, एवढी अक्कल मला होती. पद्मानं कात्री आणली आणि दुपट्याचा एक कोपरा कापून घेतला. बारशाच्या दिवशी दुपट्याला कात्री! सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला पद्माचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी बाळंतपणाची रजा असूनही ती तो तुकडा घेऊन प्रयोगशाळेत निघाली, तर सासूबाई चपला घालून तयार. "मले बी पाहू दे तुही मशीन." बाळाला शेजारच्या शोभाबाईंकडे ठेवून आम्ही तिघंही गेलो.

यंत्र गोदरेजच्या कपाटाच्या निम्मं, पोटात भट्टी असलेलं. पद्मानं तुकडा द्रावणात भिजवून ठेवला आणि त्या द्रावणाचा थेंब सुईनं आत सोडला. बाजूला गुंडाळीच्या कागदावर एक पेन रेघ ओढत होतं.

"रेघ सरळ गेली तं कापड साफ. औषध असलं तं डोंगर उठते," तिनं आईला समजावलं.

रेघ सरळ चालली होती. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. तेवढ्यात पेन वर चढू लागलं. चढतच गेलं, मग उतरलं.

पद्मा जिंकली होती, पण तिचा चेहरा पडला. "मी दुसरं दुपटं शिवतो, माय," ती म्हणाली.

सासूबाईंचं दुपट्याकडे लक्षच नव्हतं. "हे धुतलेल्याचं हाय ना?"

"हो."

"अन् तुहे बाबा तं न धुतलेलंच नेसून जेवाले बसते. त्याईच्या आंगात किती असन? ते मोज ना यात."

"माणसाचं इथं नाई मोजता येत, माय."

 सासूबाई पदर सावरून उठल्या.

"मले स्टँडवर सोडून द्या, जावईबापू. ते आज बी फवारून राह्यले असतीन."