हयातसिंगांचा मित

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या पायाला दोन बोटं कमी होती, आणि त्या बोटांची गोष्ट आमच्या घरात पोथीसारखी सांगितली जायची.

लिपुलेखची खिंड ओलांडून ते मेंढ्यांचा तांडा घेऊन तिबेटात जायचे. गूळ, धान्य, कापड न्यायचं आणि मीठ, लोकर आणायची. एका वर्षी परतायला उशीर झाला आणि खिंडीखाली बर्फाच्या वादळाने गाठलं. तिबेटातल्या ताकलाकोटचा छोफेल, ज्याच्याशी त्यांचा लोकरीचा व्यवहार होता, तो त्यांना शोधत मागून आला, पाठीवर घालून घरी घेऊन गेला, आणि अख्खा हिवाळा त्याने व त्याच्या बायकोने त्यांना आपल्या चुलीपाशी ठेवलं. बोटं गेली, जीव वाचला. बर्फ वितळल्यावर दोघांनी एका वाडग्यातून छांग, म्हणजे जवाची दारू, प्यायली आणि मित झाले. आम्हा शौका लोकांत मित म्हणजे नुसता दोस्त नव्हे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, मिताशी नाही. त्याच्या घरी सुतक, तर आपल्याही घरी सुतक.

"आज तुम्ही सगळे आहात ते छोफेलच्या पाठीवर बसून आलेले आहात," असं बाबू, म्हणजे माझे सासरे, माझ्या नवऱ्याला ऐकवायचे. मी त्यांची ब्वारी, म्हणजे सून, होऊन आले तेव्हा देवाला हात जोडायच्या आधी त्यांनी मला ती बोटांची जागा दाखवली होती.

नबी हे आमचं गाव पार वर, बर्फाच्या रेषेशी. हिवाळा लागला की आम्ही खाली टनकपूरच्या मंडीत उतरायचो. जुनी मंडी डोंगर कोसळून गाडली गेली तेव्हा शारदेच्या काठावर ही नवी वसली, आणि तेव्हापासून आमच्या घराण्याचा तांडा तिथेच उतरत आला. घुंगरांचा आवाज आला की दुकानदार पायरीवर यायचे. लाला ज्वालाप्रसाद हे मंडीतले सर्वांत मोठे आडते, पण बाबू, म्हणजे हयातसिंग नबियाल, दिसले की तेसुद्धा गादीवरून उठून उभे राहायचे.

मग चीनशी लढाई झाली आणि खिंड बंद झाली. तिकडे जाणं नाही, येणं नाही. मेंढ्या विकाव्या लागल्या. ज्यांच्या पाठीवर मीठ यायचं, त्यांचं पुढे काय झालं हे बाबूंनी कधी विचारलं नाही. माझा नवरा फौजेच्या खेचरांबरोबर वर रस्त्यावर गेला. सासूबाई पूर्वीच गेलेल्या. बाबू आणि मी टनकपूरला आलो, एक खोली घेतली. मी मागावर थुलमे विणायची, म्हणजे आमच्याकडची लोकरीची जाड पांघरुणं, आणि बाबू ती खांद्यावर टाकून मंडीत विकत फिरायचे.

लाला आता उठत नसत. उठणं सोडा, कधी कधी बघतही नसत. आणि आमचे चेहरे, बारीक डोळे, सपाट नाक, हे मंडीला इतकी वर्षं दिसलेच नव्हते, ते आता एकाएकी दिसायला लागले. चहाच्या टपरीवर बाबू गेले की कुणीतरी म्हणायचं, "अरे, हळू बोला, चिनी आला." सगळे हसायचे. बाबूही हसायचे. मला ते हसणं बघवत नसे.

लोकरबाजाराच्या ओळीत एक दुकान रिकामं झालं होतं. बाबूंना ते हवं होतं. खांद्यावर माल टाकून फिरणं आणि पाटी लावून बसणं यात माणसाचा फरक पडतो. पण मंडीतल्या चार मोठ्यांनी मान हलवल्याशिवाय तिथे कुणाला बसता येत नसे. म्हणून एका सकाळी बाबू लालांच्या गादीवर गेले. नमुना दाखवायला थुलम्यांचं गाठोडं घेऊन मी मागे होते. गादीवर लाला होते, आणखी दोघं-तिघं व्यापारी होते, आणि गुळाच्या वखारीचा सुमेरचंद होता. सुमेरचंद म्हणजे मंडीचं तोंड.

लालांनी थुलम्यावरून हात फिरवला. "माल चोख आहे, हयातसिंग. तुमच्या मालाला कोण नाव ठेवणार? पण दिवस कसे आहेत बघताय ना."

"माल इथला, विणणारी इथली," बाबू म्हणाले. "यात दिवसांचा काय संबंध, लालाजी?"

"संबंध कसा नाही?" सुमेरचंद म्हणाला. "उद्या तुमच्या दुकानावर तिबेटातून पळून आलेले हुणिये येऊन बसले, तर पोलीस आम्हालाच विचारणार. कोण कुणाचा हेर, कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? तुमचं तिकडे जाणं-येणं, खाणं-पिणं, सोयरिकीसुद्धा असतील म्हणा!"

"आता कुणी नाही तिकडे," बाबू म्हणाले.

तेवढ्यात पायरीपाशी कुणीतरी थांबलं. लोकरीचा जुना बाखू अंगात, एक बाही फाटून लोंबत होती. पायांत दोन वेगवेगळे जोडे. चेहरा उन्हाने आणि उपासाने काळवंडलेला. मागे एक बाई होती, पाठीवर बोचकं बांधलेली. त्या माणसाने आत पाहिलं, डोळे किलकिले केले, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हा आता रडणार.

"मित!" तो म्हणाला. "मित, मी छोफेल. ताकलाकोट!"

माझ्या हातातलं गाठोडं खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी बाबूंकडे पाहिलं. आता उठतील, धावतील, मिठी मारतील. बाबू समोरच्या तराजूकडे बघत होते.

"तुमचा कोण हा?" लालांनी विचारलं.

"मी नाही ओळखत," बाबू म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "असेल कुणी हुणिया. हल्ली फार फिरतात."

छोफेल पायरीवरच उभा राहिला. त्याने बाबूंकडे पाहिलं, मग गादीवरच्या बाकीच्यांकडे, मग पुन्हा बाबूंकडे. राग असा दिसलाच नाही. दमलेला माणूस काही वाचायचा प्रयत्न करतो तसं त्याने ते सगळं वाचलं.

"काय रे, कुठली ओळख काढतोस?" सुमेरचंद ओरडला.

छोफेलने मान खाली घातली. "चूक झाली, साहुजी," तो मोडक्या पहाडी बोलीत म्हणाला. "माझा मित उंच होता. असाच दिसायचा, पण उंच होता."

सुमेरचंदने हसत पुड्यातला गुळाचा खडा काढून पुढे केला. "घे, तोंड गोड कर आणि चालू लाग." छोफेलने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि बायकोला घेऊन गर्दीत मिसळला. बाई जाताना एकदा वळली. तिने बाबूंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

लालांनी चहा मागवला. दुकान बाबूंना मिळालं.

घरी आल्यावर बाबू ताटावर बसले. मी भात वाढला, तो तसाच निवला. शेवटी मीच म्हटलं, "बाबू, ते स्टेशनकडेच गेले असतील. मी बघून येऊ?"

"कोण?" ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ताटावरचा हात काढून घेतला. "जा, ब्वारी, जा."

मी स्टेशन पाहिलं, नदीकाठ पाहिला, पिंपळाखालच्या तिबेटी बायकांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, ठेकेदाराचा ट्रक आला होता, चंपावतच्या रस्त्याच्या कामावर माणसं भरून घेऊन गेला.

दुकान उघडलं. पाटी लागली. पण बाबू गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देईनासे झाले. एकदा त्या दिवशी गादीवर असलेला एक व्यापारी समोरून जाता जाता म्हणाला, "काय हयातसिंग, तो उंच मित भेटला की नाही?" सगळी ओळ हसली. बाबूही हसले. आणि ते हसू तोंडावर असतानाच ते आत गेले, थुलम्यांच्या ढिगाआड जाऊन बसले. गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं तरी बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. "ब्वारी, माझ्याबरोबर चल. एकट्याने जायची छाती नाही माझी."

सर्वांत चांगला थुलमा, चहाची वीट आणि सत्तू घेऊन आम्ही चंपावतच्या रस्त्याला लागलो. सुखीढांगच्या वरच्या वळणावर डांबराची पिंपं, धूर आणि ताडपत्रीच्या पालांची रांग दिसली. कडेला बायका खडी फोडत होत्या. त्यांच्यात ती होती, छोफेलची बायको यांझोम. तिने आम्हाला लगेच ओळखलं. हातोडी खाली ठेवली नाही. नुसत्या हनुवटीने तिने एक पाल दाखवलं.

छोफेल आत पडून होता. खोकल्याने छातीचा भाता झालेला. आम्हाला बघून तो उठून बसला आणि घाईघाईने अंगाखालची घोंगडी बाबूंसाठी पसरली.

"बसा, साहुजी."

"मित," बाबू म्हणाले, "मी हयात आहे."

"बसा ना. चहा ठेवायला सांगतो."

"मित, शिव्या घाल मला. मार. पण साहुजी म्हणू नकोस."

छोफेल बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी मंडीत एका भल्या माणसाला अडचणीत टाकलं. असल्या अवतारात, चार मोठ्या लोकांत, कुणाला हाक मारू नये. आपण आता कोण आहोत, हे माणसाने आधी बघावं. त्याची मला लाज वाटते. त्या माणसाला माझा निरोप सांगा, की त्याने बरोबर केलं."

बाबूंनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्याचं ते रडणं मला ऐकवेना. छोफेलने त्यांना खांद्याला धरून उठवलं, पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. सगळं केलं. पण मित म्हणून हाक मारली नाही. त्याच्या मनात अढी होती असं मला आजही वाटत नाही. तो शब्द पुन्हा उच्चारला तर बाबूंवर काही संकट येईल, अशीच त्याची समजूत झालेली असावी.

निघताना मी थुलमा यांझोमच्या हातात दिला. तिने तो उलगडून पाहिला, विणीवर बोट फिरवलं, नीट घडी घातली आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"आमच्याकडे आहे," ती म्हणाली.

नव्हता.

परतल्यावर बाबू घरी आलेच नाहीत, तडक लालांच्या गादीवर गेले. मीही मागोमाग गेले. सगळे होते, सुमेरचंदसुद्धा.

"लालाजी, त्या दिवशी आलेला तो माणूस माझा मित आहे," बाबू उभ्यानेच म्हणाले. "त्याने मला पाठीवर वाहून आणलं म्हणून मी जिवंत आहे. मी खोटं बोललो. दुकान काढून घ्यायचं तर घ्या."

मग सुमेरचंद म्हणाला, "कोण माणूस?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.

लाला मात्र हळूच हसले. "बसा, हयातसिंग, बसा. मला तेव्हाच कळलं होतं. तुमचे कान लालभडक झाले होते. मी म्हटलं, जो माणूस वेळप्रसंगी एवढंही गिळू शकतो, तो मंडीत टिकेल. म्हणून तर मी मान हलवली." आणि त्यांनी आतल्या माणसाला चहा आणायला सांगितलं.

त्या दिवशी बाबू जे घरी आले ते तापानेच पडले. बरे झाल्यावर म्हणाले, "दुकान सोडून देऊ." पण खायचं काय? मुलगा तिकडे बर्फात, मला दिवस गेलेले. दुकान सोडलं नाही. सोडता आलं नाही याचीही त्यांना लाज वाटायची, आणि ती ते लपवायचे नाहीत.

छोफेलला घरी आणायचं म्हणून ते डोली आणि माणसं ठरवून पुन्हा वर गेले. पालात दुसरंच कुणी राहत होतं. छोफेल काही दिवसांपूर्वी गेला होता. जाळून सगळं उरकलं होतं. यांझोम खडी फोडत होती.

बाबू तिच्यासमोर धुळीत बसले. "वहिनी, घरी चला."

"कोणाच्या घरी?" तिने विचारलं.

बाबू उठून उभे राहिले. मग ते रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "तुमच्या दिराच्या."

तिने हातोडीखालचा दगड फोडला, बाजूला सारला. तिच्याबरोबरची माणसं दक्षिणेला जायची होती, कुठल्याशा गरम मुलखात, आणि तिला त्या गरमीची भीती वाटत होती. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमच्या घरी माग आहे ना? मला विणता येतं. काम देणार असाल तर येते. पाहुणी म्हणून नाही."

ती आली, आणि राहिली. माग आम्ही दुकानात आणले, तिथे ती माझ्या शेजारच्या मागावर बसायची. तिच्यासारखी वीण मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाही. माझी मुलं तिच्या मांडीवर वाढली, तिला मोठी आई म्हणायला लागली. माझ्याशी ती हसायची, भांडायची, मिठाच्या चहात लोणी कमी घातलं की कुरकुरायची. बाबूंशी कामापुरतं बोलायची, "साहुजी, लोकर संपत आली," एवढंच. स्वतःची चूल तिने शेवटपर्यंत वेगळी ठेवली.

दुकानात कुणी विचारलं, ही कोण, की बाबू सांगायचे, "माझ्या मिताची बायको." हे सांगताना दर वेळी त्यांचे कान लाल व्हायचे. कुणी विचारलं नाही तर स्वतःहूनच सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं पांघरुणाचा भाव विचारत असायचं.

बाबू फार थकले होते तेव्हाची गोष्ट. स्वेटर विकणारं एक तरुण तिबेटी जोडपं दुकानाच्या सावलीला टेकलं होतं. त्यांनी आपल्या भाषेत यांझोमला काहीतरी विचारलं, बाबूंकडे बोट दाखवून. तिने मागावरून मान वर न करता दोन शब्दांत उत्तर दिलं.

बाबूंना ती भाषा चांगली येत होती. संध्याकाळी मी जेवायला वाढलं तेव्हा ते म्हणाले, "ती पोरं विचारत होती, हा म्हातारा तुमचा कोण."

"मग? मोठी आई काय म्हणाली?"

"दुकानाचा मालक, म्हणाली." त्यांनी भात कालवला. "बरोबरच सांगितलं तिने."