हिरव्या झाकणाचा डबा

मुरलीधररावांनी कीकराच्या, म्हणजे इकडच्या बाभळीच्या, मुळाशी पुन्हा हात घातला. काटा नखात गेला, तरी हात मागे घेववेना. यंत्र सांगत होतं, इथेच. पाच-सात पावलं इकडेतिकडे, पण इथेच. माती निघाली, पानमसाल्याच्या पुड्या निघाल्या. डबा नाही.

गुडगावच्या नव्या टॉवरांमागच्या या टेकडीवर हा त्यांचा तिसरा रविवार. फेब्रुवारीत त्यांनीच इथे हिरव्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा लपवला होता. मुलाने, राघवने, अमेरिकेहून जीपीएस आणला आणि हा जिओकॅशिंगचा नाद लागला. डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. अनोळखी माणसांनी तो हुडकून आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा. म्हातारपणी पोरखेळ म्हणा, पण जमिनीच्या मोजणीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो लगेच मानवला. मग शोधायला आलेल्या दोघांनी कळवलं, इथे डबाच नाही.

त्याच सुमारास मुरलीधरराव एकदा गॅस चालू ठेवून झोपले होते आणि एकदा दिल्लीत घरी, मयूर विहारमध्ये, स्वतःचंच फाटक चुकले होते. राघवने सगळ्याची बेरीज केली.

"बाबा, तुम्ही डबा ठेवलाच नसेल. ठेवायचंय, असं नुसतं मनात राहिलं असेल. आजचा लास्ट चान्स हं. उद्या डॉक्टर. आणि फ्लॅट विकून तुम्ही दोघं आमच्याकडे, बस."

एवढं बोलून तो फोन घेऊन खाली गाडीपाशी गेला होता. डबा चोरीला गेला तर गेला. पण ठेवलाच नसेल तर? आपल्याच डोक्याची अशी भीती मुरलीधररावांना कधी वाटली नव्हती.

त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई थर्मास घेऊन दगडावर बसल्या होत्या.

"अहो, त्या फुटक्या खडकामागे बघितलंत?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा बघा ना. माझ्यासाठी."

ते गेले. वाळक्या पाल्याखाली स्टीलचा डबा होता. आत कोरी वही, पेन्सिल. त्यांनी डबा फिरवला. कडेला कानशीने घासलेलं होतं, अगदी ताजं. घासूनही अक्षरं अंगठ्याला लागत होती. सौ. कुमुदि...

हिरवं झाकण त्यांना लख्ख आठवत होतं. डबा कसला होता, हे तिने या तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे तिलाही तो खरा वाटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. राग होता की आणखी काही, त्यांचं त्यांनाच कळेना. कुमुदिनीबाई मान खाली घालून कप पुसत होत्या, कधीचा कोरडा झालेला.

राघव धापा टाकत वर आला.

"मिळाला?"

"मिळाला." त्यांनी नावावर तळवा ठेवला.

"अरे यार! सॉरी बाबा. मीच उगाच... चलो, डॉक्टर कॅन्सल. मी गाडी वळवतो."

तो उतरून दिसेनासा झाला. मुरलीधररावांनी डबा जागेवर न ठेवता बायकोच्या पिशवीत टाकला.

"साबुदाणा कशात काढून ठेवलास?"

थर्मासचं झाकण फिरवणारा तिचा हात थांबला.

"बरणीत."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. दोघंही हलली नाहीत.

"तुमचा कसला होता हो?" तिने विचारलं.

"प्लास्टिकचा. हिरव्या झाकणाचा."

कुमुदिनीबाईंनी पदर खोचला, कीकराशी येऊन गुडघे टेकले आणि मुळांत हात घातला.