काटेवाल्याचा हात

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं, तेव्हा काटेवाल्याने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात कोंबलं. फायब्रोमायल्जिया.

"नाव आगगाडीएवढं," जिना उतरताना तो मुलीला म्हणाला, "आणि डबे सगळे रिकामे. रक्त चांगलं, हाडं चांगली, फोटोत काही नाही. मग दुखतंय काय, माझं नशीब?"

"बाबा, त्यांनी सांगितलं ना, ह्यात रिपोर्ट चांगलेच येतात म्हणून."

"चांगले रिपोर्ट येणारा आजार! उद्या म्हणतील, जिवंत माणसाचं मरण. आणि वर म्हणे हलका व्यायाम करा, झोप घ्या, काका. हे सांगायला एवढं शिकावं लागतं होय?"

तीस वर्षं तो दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत होता. जे काट्यावर येत नाही ते वजन नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी त्याची बायको गेली. तिच्या सोनोग्राफीच्या फोटोत गाठ दिसली होती, बोट ठेवून दाखवता येईल अशी. आजार म्हणावा तर तो. आणि ह्याचं काय? सकाळी उठताना अंग ठेचल्यासारखं, खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका, डोकं मठ्ठ. असल्या कुरकुरीला आजार म्हणायचं म्हणजे तिची थट्टा करणं, असं त्याला वाटायचं. त्याने तो कागद कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी खिळेवाल्याकडे काम होतं. खिळेवाला म्हणजे कोपऱ्यावरचा लोखंडी सामानाचा दुकानदार. त्याचा तबकडीचा काटा तपासायचा होता. मुलगी तपासणीच्या वजनांची पेटी त्याच्या हातात द्यायला लागली, तसा तो खेकसला, "एवढ्याशा कामाला पेटी कशाला? तू घरी थांब." पेटी वीस किलोची. ती आपल्याच्याने उचलवत नाही, हे मुलीला कळू द्यायचं नव्हतं.

दुकानात त्याने एक किलो खिळे पिशवीत भरायला लावले. पिशवी हातात धरून तोलली आणि हसला. "हा किलो? अरे, तुझा काटा तुलाच लुटतोय. किलोच्या वर माल देतोयस." त्याने स्क्रू फिरवला, पिशवी पुन्हा ठेवून काटा हाताच्या अंदाजावर आणला, आणि ऐटीत घरी गेला.

आठवड्याने खिळेवाल्याचा फोन आला. एका सुताराने किलोभर खिळे नेले आणि दुसरीकडे वजन करून पाहिलं, तर साठ ग्रॅम कमी. सुतार दुकानात उभा राहून खिळेवाल्याला चोर म्हणाला, चार गिऱ्हाइकांसमोर.

काटेवाला खुर्चीत बसून राहिला. मुलीने विचारलं, तेव्हा त्याला पेटीचं सांगावं लागलं.

"म्हणजे हातानं तोललंत? दुखऱ्या हातानं? त्याला सगळंच जड लागणार."

"काही दुखत नाही. काट्याचंच काहीतरी बिघडलंय."

"बाबा, आईचेही पहिले चार रिपोर्ट चांगलेच आले होते."

तो खुर्चीतून उठायला लागला.

"तेव्हा तिला काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. पोळलेल्या जागी कपडा घासावा तसं आठवत होतं. ती ओट्याला टेकून उभी होती, पोटावर हात धरून, आणि तो चपला घालता घालता म्हणाला होता, काट्यावर येत नाही ते वजन नाही. त्यावर ती हसली होती. ते हसू त्याने तेव्हा पटल्याचं समजलं. असला गाढव दुसरा शोधून सापडला नसता.

दुपारी दोघं खिळेवाल्याकडे गेली. पेटी मुलीने उचलली. पितळेला हात लागू नये म्हणून त्याने चिमट्याने एक किलोचं वजन पारड्यात ठेवलं. काटा साठ ग्रॅम पुढे गेला.

खिळेवाला तसा भला माणूस. तोच म्हणाला, "स्प्रिंग सैल झाली असेल, मामा. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर लिहा तसं. म्हणजे सुताराच्या तोंडावर चिठ्ठी फेकतो."

सोपं होतं. मुलगी वजनं पुसत राहिली, तिने वर बघितलं नाही.

"स्प्रिंग ठणठणीत आहे," काटेवाला म्हणाला. "काटा आधीही बरोबर होता. माझा हात खोटा बोलला. मला आजार आहे."

"कसला?"

त्याने नाव सांगितलं. पहिल्या खेपेला जीभ अडखळली, दुसऱ्यांदा पूर्ण सांगितलं.

खिळेवाला हसला. "तब्येत तर पैलवानासारखी आहे! हे डॉक्टर लोक काहीही नावं काढतात. मनाचे खेळ असतात हो."

काटेवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं, की तो हसायचा थांबला. आठवड्यापूर्वी हेच शहाणपण आपण जिन्यात पाजळलं होतं, आणि किती बावळट दिसलो असू, हे आता समोर काउंटरपाशी उभं होतं.

"तू खिळे विक," तो म्हणाला. "तेवढंच तुला कळतं. मलाही एवढंच कळत होतं."

त्याने स्क्रू पूर्ववत केला, तीनदा वजन ठेवून पाहिलं, आणि चिठ्ठीवर बिघाडाच्या कारणापुढे लिहिलं: दुरुस्ती करणाऱ्याची चूक. सुताराला दाखवायला ती खिळेवाल्याच्या हातात दिली.

मुलीने पेटी बंद करून उचलली. त्याने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"चिमटा दे इकडे," तो म्हणाला. "आजपासून मी तेवढाच उचलणार. आणि घरी गेल्यावर तो कागद काढ. इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे."